प्रकाशवही: दादरच्या एका दवाखान्यातल्या आयपीएल मशिनच्या नोंदी

काम: त्वचेच्या देखभालीसाठी वर्षानुवर्षं प्रकाशोपचार (आयपीएल, म्हणजे इंटेन्स पल्स्ड लाइट) घेणाऱ्यांची मात्रा-नोंद तयार करणं
ठिकाण: दादर पश्चिम, त्वचारोगाचा खासगी दवाखाना
वाटणी: मशिनची मोजणी, देखभाल आणि फोटोची व्यवस्था माझ्याकडे. कुणाला प्रकाश द्यायचा, किती द्यायचा, कुणाला नाही म्हणायचं, हे सगळं डॉक्टरांकडे.

७ ऑक्टोबर २०२४

डॉक्टरांनी आज जुने केस पेपर समोर ठेवले. तीन-तीन वर्षं दर काही महिन्यांनी येणारी माणसं आहेत. कुणाच्या गालावर उन्हाचे डाग, कुणाच्या नाकाशेजारी बारीक लाल शिरा, कुणाचा चेहरा नुसता राबलेला आणि निस्तेज. बहुतेक पेपरवर एकच ओळ सापडते: "आयपीएल, ६४० फिल्टर, १४ जूल, त्रास नाही." डॉक्टरांचा प्रश्न सरळ होता. "या बाईंना तीन वर्षांत एकूण किती प्रकाश मिळाला, ते तू मला सांगू शकतेस का?"

सांगता येत नाही. स्क्रीनवरचा आकडा म्हणजे आपण मशिनकडे मागितलेली ऊर्जा. क्रिस्टलमधून, म्हणजे त्वचेवर टेकवायच्या पारदर्शक तुकड्यातून, प्रत्यक्ष त्वचेवर काय पडलं, ते मोजल्याशिवाय कळत नाही, आणि इथे ते आजवर कुणी मोजलेलं नाही. म्हणून हा प्रकल्प.

पुढे ही वही हाती घेणाऱ्या नर्ससाठी थोडं मूळ लिहून ठेवते. आयपीएल म्हणजे लेझर नव्हे. हँडपीसमध्ये झेनॉन वायूचा दिवा असतो, तो काही मिलिसेकंद लखकन पेटतो आणि साधारण ५०० ते १२०० नॅनोमीटरचा मिश्र प्रकाश देतो. पुढचा फिल्टर त्यातला खालचा भाग अडवतो. ६४०चा फिल्टर लावला की ६४०च्या वरचाच प्रकाश जातो. डाग तापतो आणि शेजारची त्वचा वाचते, यामागचा विचार रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी १९८३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात मांडला. ज्या रंगद्रव्याला तापवायचं त्याला आवडणारी तरंगलांबी घ्यायची आणि त्या रचनेला थंड व्हायला जितका वेळ लागतो त्याहून झटपट ऊर्जा द्यायची.

आपल्याकडची अडचण अशी की डागातलं मेलॅनिन आणि आपल्या साध्या सावळ्या त्वचेतलं मेलॅनिन एकच. फिट्झपॅट्रिकने त्वचेचे गोऱ्यापासून काळ्यापर्यंत सहा प्रकार केले, त्यांत इथे येणारे बहुतेक जण चौथ्या-पाचव्या प्रकारातले. प्रकाश डागापर्यंत पोचायच्या आत वरची कातडीच त्यातला वाटा घेते. गोऱ्या त्वचेत 'उपयोग झाला' आणि 'भाजलं' यांत बरंच अंतर असतं. आमच्याकडे ते दोन-तीन जुलांचं असू शकतं. म्हणून मात्रेचा आकडा खरा असणं इथे जास्त गरजेचं.

१० ऑक्टोबर

पहिली मोजणी. ओळखीच्या प्रयोगशाळेतून रुंद तोंडाचा थर्मोपाइल सेन्सर आणला. प्रत्येक फ्लॅशची ऊर्जा तो जुलांत दाखवतो. क्रिस्टल १५ बाय ४५ मिलिमीटर, म्हणजे ६.७५ चौरस सेंटिमीटर. स्क्रीनवरचे जूल दर चौरस सेंटिमीटरचे असतात, म्हणून १४ ठेवलं तर फ्लॅशमागे ९४.५ जूल यायला हवेत. सेन्सरवर ८१च्या आसपास येत राहिले. म्हणजे १४ मागतोय आणि १२ मिळतायत.

क्रिस्टल काढून भिंगाखाली धरला. कडेला जेल भाजून तपकिरी थर बसला होता. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लिंट नसलेल्या कापडाने पुसल्यावर आकडा किंचित वर आला, तरी साडेबाराच्या आतच राहिला. उरलेली घट दिव्याची. झेनॉनचा दिवा हजारो वेळा पेटला की इलेक्ट्रोडचा धातू उडून काचेच्या आतून राखाडी पट बसतो. खोलीतल्या माणसाला हे दिसत नाही, कारण डोळ्यांना तो फ्लॅश तेवढाच लख्ख वाटतो.

भाजलेला जेल दुर्लक्ष करण्यासारखा नाही. तो डाग स्वतः तापतो आणि त्याच्याखाली त्वचेवर तेवढाच ठिपका जास्त भाजतो. यापुढे प्रत्येक रुग्णानंतर क्रिस्टल पुसून भिंगाखाली बघायचा. सिस्टरनी लगेच मान्य केलं.

१५ ऑक्टोबर

दिवा दिवाळीआधी बदलायचा ठरला. सर्व्हिसला येणाऱ्या माणसाला फोनवर विचारलं, दिवा बदलल्यावर सेटिंगचं काय? "तेच ठेवा, मॅडम. मशिन आपोआप जुळवून घेतं." आमची मोजणी तसं सांगत नाही.

या सगळ्या कामात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट हीच. जुन्या दिव्यावर एखाद्या काकूंना १४ची सवय झालेली असते, म्हणजे प्रत्यक्षात १२ची. नवा दिवा बसला की त्याच बटणावर खरे १४ येतात, सहाव्या भागाइतकी वाढ. केस पेपरवर ओळ तीच आणि चेहऱ्यावर पडणारी ऊर्जा वेगळी. तीन वर्षं काही त्रास न झालेली बाई चौथ्या वर्षी गालावर क्रिस्टलच्या आकाराचे काळे पट्टे घेऊन येते आणि 'त्वचा अचानक नाजूक झाली' असं सगळे म्हणतात. त्वचा तीच असते, दिवा बदललेला असतो.

डॉक्टरांचा निर्णय: दिवा बदलल्यावर प्रत्येक जुना रुग्ण नवा समजायचा. मोजलेल्या जुन्या मात्रेच्या खालून सुरुवात. कानापुढे टेस्ट पॅच, म्हणजे आधी छोट्या जागेवर करून बघणं, आणि तो दोन आठवडे बघायचा. भाजल्याचा लालसरपणा दुसऱ्या दिवशी दिसतो, पण सावळ्या त्वचेवर नंतर चढणारा काळेपणा सावकाश येतो, म्हणून दोन दिवसांत हिरवा कंदील द्यायचा नाही.

२१ ऑक्टोबर

फोटोंची व्यवस्था. इथे मी जास्त वेळ दिला आणि तो द्यायला हवाच होता.

देखभालीचा उपचार म्हणजे वर्षातून दोन-तीनदा थोडं काहीतरी करायचं आणि पाच वर्षांनी चेहरा कसा आहे ते बघायचं. पाच वर्षांपूर्वीचा चेहरा कुणाच्याच डोळ्यांत नीट राहत नाही. रुग्ण आरशावर विश्वास ठेवतो, डॉक्टर आठवणीवर. फोनमधले फोटो तर निरुपयोगीच, कारण फोन न सांगता त्वचा गुळगुळीत करतो आणि दर वर्षी नवा फोन नव्या पद्धतीने करतो.

बोरा बाजारातून पोलरायझिंग शीट आणली. एक दिव्यांवर, दुसरी लेन्सवर, तिच्याशी काटकोनात. असं केलं की त्वचेवरची तकाकी नाहीशी होते आणि आतला रंग, डाग आणि शिरा स्वच्छ दिसतात. मुंबईच्या दमटपणात हे विशेष लागतं. दादरच्या पुलावरून चालत आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर घाम आणि तेल असतंच, आणि ती चमक साध्या फोटोत डाग लपवते. हनुवटी टेकवायला लाकडी ठोकळा, कपाळाला पट्टी, शेजारी करडं कार्ड. कॅमेरा जुना पण मॅन्युअल, सगळी सेटिंग कागदावर लिहून चिकटवली. खिडकीला काळा पडदा. चेहरा धुऊन पंधरा मिनिटं पंख्याखाली बसवायचं, मगच फोटो, कारण चालत आल्यावर येणारी लाली शिरांच्या हिशोबात मिसळते.

समोरून, डावीकडून, उजवीकडून असे तीन फोटो घ्यायचे. जास्त नकोत. जास्त ठेवले तर गर्दीच्या दिवशी कुणीच काढणार नाही.

२६ ऑक्टोबर

नवा दिवा बसला. १४वर ९५ जूल. अपेक्षेप्रमाणे.

दिवाळीच्या तोंडावर 'जरा चमक येईल असं काहीतरी' मागणारे फोन वाढलेत. डॉक्टर कुणालाच घेत नाहीत. लग्न किंवा सण महिन्याच्या आत असेल तर प्रकाश नाही. डाग आधी गडद होतात, कॉफीच्या चुऱ्यासारखे वर येतात आणि आठवडा-दहा दिवसांनी गळतात. ते सणात कशाला?

१८ नोव्हेंबर

वाचनाचा दिवस. रुग्ण विचारतात, "वर्षानुवर्षं केलं तर वय थांबतं का?" उत्तर लिहून ठेवावं, असं डॉक्टरांना वाटतं.

योगायोगाने तीन कामं एकाच वर्षी, २०१३ मध्ये छापून आली. पहिलं स्टॅनफर्डचं. पन्नाशी ओलांडलेल्या पाच स्त्रियांच्या हाताच्या त्वचेला महिन्याच्या अंतराने तीनदा ब्रॉडबँड लाइट, म्हणजे आयपीएलच्याच जातीचा प्रकाश, दिला. मग त्या त्वचेत कोणती जनुकं किती बोलतात ते तरुण त्वचेशी ताडून बघितलं. वयाबरोबर बदललेल्या बऱ्याच जनुकांचा नमुना तरुण त्वचेकडे सरकलेला दिसला. दुसरं काम पॅट्रिक बिटर आणि जेसन पॉझनर यांचं. पाच ते अकरा वर्षं, दरवर्षी निदान एकदा, हा प्रकाश घेतलेल्यांचे जुने-नवे फोटो त्यांनी डॉक्टरांकडून तपासून घेतले. माणसं वयाच्या मानाने तरुण वाटली. तिसरं काम प्रकाशाचं नाहीच. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बूर गावात पंचावन्नच्या आतल्या ९०३ जणांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केली. काहींना रोज सनस्क्रीन, काहींना वाटलं तेव्हा. साडेचार वर्षांनी रोज लावणाऱ्यांच्या त्वचेत वार्धक्याच्या खुणा २४ टक्क्यांनी कमी.

माझं मत नोंदवते. पहिली दोन कामं उमेद देणारी आहेत, पण एकात पाच बायका आणि दुसऱ्यात उपचार न घेतलेला गटच नाही. जी माणसं अकरा वर्षं नेमाने दवाखान्यात येतात ती टोपीही घालत असणार, सनस्क्रीनही लावत असणार. तिसऱ्या कामाचा पाया भक्कम आहे. म्हणून आमच्या वहीत प्रत्येक भेटीच्या वर पहिला रकाना सनस्क्रीनचा: रोज लावता का, किती, दुपारी पुन्हा लावता का. प्रकाशाची मात्रा त्याच्या खाली. रोजचं ऊन आवरलं नाही तर वर्षाला तीन फ्लॅश म्हणजे भरतीच्या वेळी वाळूत रेघ ओढण्यासारखं.

डॉक्टर हे वाचून म्हणाल्या, "हे रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगायचं, पैसे घेण्याआधी." तसा कागद बनवला.

९ डिसेंबर

फोटोंचा पहिला उपयोग झाला.

बँकेत नोकरी करणाऱ्या एक बाई, बोरिवली ते चर्चगेट. डाव्या गालावर आणि डाव्या कानशिलावर डाग स्पष्ट जास्त, उजवीकडे कमी. त्या म्हणत होत्या, डावीकडे झोपते म्हणून असेल. मी त्यांना विचारलं, गाडीत कुठे बसता? खिडकीशी, वारा तोंडावर घेत, गाडी जाते त्या दिशेला तोंड करून. नेहमी डाव्या हाताची खिडकी, मैत्रिणींचा ग्रुप तिथेच.

सकाळी गाडी दक्षिणेला जाते, डावीकडे पूर्व. संध्याकाळी उत्तरेला येते, डावीकडे पश्चिम. म्हणजे दोन्ही वेळा सूर्य डाव्याच गालावर. लोकलच्या खिडकीला बहुतेक वेळा काच वर केलेलीच असते, त्यामुळे काचेने अडणारा यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणारा अतिनील प्रकाश, तोही आत येतो. २०१२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २८ वर्षं ट्रक चालवलेल्या ६९ वर्षांच्या माणसाचा फोटो छापला होता. त्याची खिडकीकडची डावी बाजू सुरकुत्यांनी भरलेली, उजवी त्या मानाने नितळ. तिथे चालक डावीकडे बसतो. आपल्या टॅक्सीवाल्यांचा आणि बेस्टच्या ड्रायव्हरांचा उजवा गाल बघा.

डॉक्टरांनी बाईंची सिटिंग पुढे ढकलली. आधी दोन महिने घरातून निघताना सनस्क्रीन आणि गाडीत ओढणी गालावरून. "ग्रुप सोडा असं मी सांगणार नाही," डॉक्टर म्हणाल्या, "फक्त मैत्रिणींसोबत खिडकीची पाळी लावा." बाईंना ते पटलं.

१४ जानेवारी २०२५

संक्रांत. गर्दी कमी, म्हणून एक राहिलेली गोष्ट लिहून काढली: गोंदण.

साठीच्या पुढच्या पुष्कळ बायकांच्या कपाळावर आणि हनुवटीवर हिरवट ठिपके किंवा तुळस असते. गोंदणाची शाई हे गडद रंगद्रव्यच, त्यावर आयपीएलचा फ्लॅश पडला तर जागीच भाजतं. आज आलेल्या आजींच्या हनुवटीवरचं गोंदण इतकं फिकट की नुसत्या डोळ्यांना तीळ वाटला असता. क्रॉस-पोलराइज्ड फोटोत निळसर तीन ठिपके स्पष्ट दिसले. पांढऱ्या ओल्या गॉजने झाकून भोवती बोटभर जागा सोडून काम झालं.

तीळ, भुवयांचा कायमचा रंग यांनाही हेच. पुरुषांना आधी विचारायचं की दाढी हवी आहे ना, कारण त्याच प्रकाशाने केसांची मुळंही तापतात आणि गालावर दाढीचे चट्टे पडू शकतात. डोळ्यांवर बंद गॉगल सर्वांना, आणि खोलीत उभ्या असलेल्या प्रत्येकाला वेगळा. भुवईच्या हाडाच्या आत फ्लॅश कधीही नाही.

३ फेब्रुवारी

आज मोठी नोंद, कारण आजचा नकार महत्त्वाचा होता.

वरळी कोळीवाड्यातल्या एक मावशी. पहाटे धक्क्यावर, दिवसभर टोपली घेऊन उन्हात. दोन्ही गालांवर, वरच्या ओठावर तपकिरी वांग. सोबत मुलगी, तिच्या हातात ऑनलाइन मागवलेला एलईडीचा मुखवटा. मावशी म्हणाल्या, "बाई, तुमच्या मशिनीनं एकदा साफ करून द्या, पोरीच्या लग्नात चांगलं दिसायला पाहिजे. पैसे आणलेत."

डॉक्टरांनी मशिनला हातही लावला नाही. वांगाच्या जागी रंग बनवणाऱ्या पेशी आधीच चिडलेल्या असतात. फ्लॅशची उष्णता त्यांना आणखी डिवचते. महिनाभर गाल उजळ दिसतो आणि मग वांग पहिल्याहून गडद परत येतं. चौथ्या-पाचव्या प्रकारच्या त्वचेत हे वारंवार घडतं.

मग डॉक्टरांनी विचारलं, आजवर काय लावलं? केमिस्टकडून आणलेली ट्यूब, दोन वर्षं, रोज रात्री. पिशवीतून काढून दाखवली. स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनोइनचं मिश्रण. हे मिश्रण डॉक्टरांच्या नजरेखाली थोडे आठवडे वापरायचं असतं. मुळात अशी कल्पना अल्बर्ट क्लिगमन यांनी १९७५ मध्ये मांडली, आणि वांगावर ते आजही उपयोगी औषध आहे. पण गोरं होण्याची क्रीम म्हणून वर्षानुवर्षं चोळल्यावर गालाची कातडी पातळ, लाल आणि शिरांनी भरलेली झाली होती. २०१८ मध्ये सरकारने लावायच्या अनेक स्टेरॉइडना शेड्यूल एचमध्ये टाकलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. तरी ट्यूब मिळतेच. अशा पातळ त्वचेवर प्रकाश टाकणं म्हणजे जखम करणं.

मुलीचा मुखवटा मी तपासला. लाल आणि निळा असे दोन्ही दिवे. लाल ६३० नॅनोमीटरच्या आसपास, निळा ४१५च्या आसपास, स्पेक्ट्रोमीटरवर तसंच दिसलं. निळा प्रकाश मुरमांच्या जंतूंवर चालतो, त्यासाठीच तो घातलेला. पण २०१४ मध्ये फ्रान्समधल्या दुतेय आणि सहकाऱ्यांनी दाखवलंय की ४१५ नॅनोमीटरच्या प्रकाशाने गडद त्वचेवर टिकून राहणारा काळेपणा चढतो आणि ६३०च्या लाल प्रकाशाने चढत नाही. म्हणजे वांग असलेल्या आईने हौसेने निळं बटण दाबलं असतं तर घरबसल्या वांग वाढलं असतं. मुलीला निळ्याच्या बटणावर चिकटपट्टी लावून दिली. लाल दिवे निरुपद्रवी, पण त्यांची ताकद इतकी कमी निघाली की त्यांच्याकडून फार आशा ठेवू नये, असं सांगितलं.

मावशींना मिळालं ते असं: ट्यूब हळूहळू बंद करायची पद्धत, तोंडाने घ्यायचं काहीही नाही, आणि आयर्न ऑक्साइड असलेलं किंचित तपकिरी सनस्क्रीन. साधं सनस्क्रीन यूव्ही अडवतं, दिसणारा प्रकाश अडवत नाही, आणि वांगाला दिसणारा प्रकाशही पुरतो. आयर्न ऑक्साइडची तांबूस पूड तोही अडवते. टोपलीखाली टोपी राहणार नाही, म्हणून दुकानावर ताडपत्री पश्चिमेकडून खाली ओढायची. मावशी नाराज होऊन गेल्या. मुलगी थांबली, तिने सगळं लिहून घेतलं.

२४ मार्च

हँडपीसच्या थंडाव्याचं पाणी बदललं. डीआयोनाइज्ड पाणीच लागतं, आरओचं चालत नाही, कारण क्षारांतून वीज वाहते आणि दिवा पेटवणारा झटका हजारो व्होल्टचा. रेझिनची कार्ट्रिज बदलली. मोजणी ९३.

दुपारचा यूव्ही निर्देशांक अकराच्या वर जाऊ लागलाय. आजपासून पावसापर्यंत उन्हात काम असणाऱ्या कुणालाही नवी सिटिंग नाही.

२ जून

यंदा मान्सून २६ मेलाच मुंबईत आला, आजवरच्या नोंदींत सर्वांत लवकर. त्या दिवशी दवाखान्याच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी होतं. मशिन यूपीएसवर होतं, पण दिवसभर व्होल्टेज वरखाली होत राहिलं, म्हणून मी ते पूर्ण बंद ठेवलं. आज मोजणी पुन्हा केली, ९३च. कपॅसिटरला काही झालेलं नाही.

पावसाळ्याने एक नवा प्रश्न वहीत आणला. पाण्यातून चाललेल्यांना लेप्टोस्पायरोसिस होऊ नये म्हणून महापालिका दरवर्षी डॉक्टरांकडून प्रतिबंधक गोळी घ्यायला सांगते, आणि मोठ्यांसाठी ती बहुधा डॉक्सिसायक्लिन. हीच गोळी त्वचेला उन्हाबाबत हळवी करते. आज सिटिंगला आलेल्या एका शिक्षिकेने दादर टीटीजवळ कमरेइतक्या पाण्यातून चालून आल्यावर गोळी घेतली होती. विचारलं नसतं तर त्यांनी सांगितलंही नसतं, कारण गोळी पायांसाठी आणि उपचार चेहऱ्याचा, असं वाटतं. डॉक्टरांनी सिटिंग पुढे ढकलली. जून ते सप्टेंबर हा प्रश्न छापील नमुन्यात पहिल्या तीनांत.

१० जुलै

आषाढी एकादशी ६ तारखेला झाली. वारी करून आलेले काका आज ठरलेल्या तारखेला हजर. आळंदीपासून पंढरपूरपर्यंत चालले, गाल रापून विटेसारखे. माउलींचा बुक्का अजून कपाळावर. टेस्ट पॅचसुद्धा नको, चार आठवड्यांनी या, एवढंच सांगितलं. काकांनी डॉक्टरांना प्रसादाच्या लाह्या दिल्या.

८ सप्टेंबर

अनंत चतुर्दशी परवा झाली. गणपतीनंतरचा आठवडा फोटोंसाठी राखला होता. ज्यांचं वर्षभराचं चक्र पूर्ण झालं त्यांचे जुने-नवे फोटो डॉक्टरांनी आणि त्यांच्या एका सहकारी त्वचातज्ज्ञांनी वेगवेगळे बघितले. कोणता फोटो आधीचा, ते दोघींना सांगितलं नव्हतं.

सगळ्यांत स्पष्ट फरक उन्हाच्या ठळक, कडा असलेल्या डागांत. ते गेले किंवा फिके झाले आणि वर्षभर तसेच राहिले. लाल शिरांवर ६४०च्या आयपीएलने फारसं काही झालं नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला त्याहून छोटी तरंगलांबी मानवते, पण ती आमच्या रंगाच्या त्वचेवर धोक्याची. त्या रुग्णांना डॉक्टर आता १०६४ नॅनोमीटरच्या लाँग-पल्स लेझरवर नेतील. त्वचेचा पोत सुधारला की नाही, यावर दोघींचं एकमत झालं नाही, म्हणून त्या रकान्यात काहीच लिहिलं नाही.

बोरिवलीच्या बाईंचा डावा गाल मला स्वतःला फार बोलका वाटला. त्यांना वर्षभरात प्रकाश दिलाच नव्हता. ओढणी, सनस्क्रीन आणि खिडकीची पाळी एवढंच. तरी दोन्ही तज्ज्ञांनी नंतरचा फोटो 'उपचार घेतलेला' म्हणून निवडला.

६ ऑक्टोबर

वर्षाच्या हिशोबावरून डॉक्टरांनी ठरवलेलं:

उन्हाचे डाग साफ झालेल्यांना आता वर्षातून एकदा, डिसेंबर-जानेवारीत. तीन महिन्यांनी येण्याची सवय लागलेल्या काहींना हे कमी वाटेल. पुढची सिटिंग तारखेवर ठरणार नाही, फोटोवर ठरेल. डाग परतलेला दिसला तरच.

वांगाला आयपीएल नाही. सरसकट.

मोजणी दर महिन्याला आणि दिवा बदलल्यावर त्याच दिवशी. आज १४वर ९० जूल, म्हणजे प्रत्यक्षात १३.३. घट सुरू झाली आहे. केस पेपरवर यापुढे दोन आकडे लिहायचे: मागितलेले आणि मोजलेले. एकूण बेरीज मोजलेल्यांची.

वरळीच्या मावशींचा फोन आला होता. लग्न मे महिन्यात झालं. गालाची लाली उतरली आहे, वांग आहे पण फिकं. तपकिरी सनस्क्रीन संपलं, ते कुठे स्वस्त मिळेल ते विचारत होत्या. सिस्टरनी केमिस्टचं नाव दिलं आणि पुढची तपासणी दिवाळीनंतर लिहिली. मशिनसाठी नाही, फक्त फोटोसाठी.